पैसे कुणाचे, हे मतदानाआधी कळायला हवं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या प्रायमरीवर, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीवर, थोडंसं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आल्या की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, की एकाच पक्षातले लोक एकमेकांवर एवढी चिखलफेक का करतात आणि मग "तुझी कागदपत्रं दाखव, आधी तू तुझी दाखव" असं भांडण का चालतं.

प्रश्न : ताई नमस्कार. मी एडिसन, न्यू जर्सीला राहते, सिटिझन होऊन वर्ष झालं, आता प्रायमरीत पहिल्यांदाच मत देणार. पण टीव्हीवर बघावं तर एकाच पक्षाचे दोघं एकमेकांना खोटारडा म्हणतात आणि पोस्टाच्या पेटीत रोज चार चकचकीत फ्लायर, त्यात पण तेच. आपल्याकडे एका पक्षातली माणसं निदान चारचौघात तरी असं बोलत नाहीत. हे असं का आणि मी विश्वास कोणावर ठेवू?

उत्तर : आधी पहिल्या मतासाठी मनापासून शुभेच्छा. आपल्याकडे असं होत नाही असं वाटतं, कारण आपल्याकडे तिकीट वरून ठरतं, दिल्लीत नाहीतर मुंबईत, त्यामुळे जे काही उणंदुणं काढायचं ते बंद दाराआड काढलं जातं आणि ज्याला तिकीट मिळत नाही तो बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरतो. तिथे तिकीट तुम्ही देताय, सामान्य मतदार, मग भांडणही तुमच्यासमोरच होणार. आणि दुसरं म्हणजे एकाच पक्षातल्या दोघांची धोरणं बरीचशी सारखीच असतात, टॅक्सबद्दल तेच, शाळांबद्दल तेच, मग फरक दाखवायचा कशात? माणसात. त्याने पूर्वी काय केलं, पैसा कुठून आला, कोणाबरोबर ऊठबस आहे. म्हणून प्रायमरीतलं भांडण मुख्य निवडणुकीपेक्षा जास्त जिव्हारी लागतं, भाऊबंदकी असते ना तसं.

रिपब्लिकन पक्षात याला आवर घालायला एक 'अकरावी आज्ञा' सांगितली जायची, आपल्याच पक्षातल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी. माजी अध्यक्ष रेगन यांच्या नावावर ती खपते पण मुळात १९६६ मधे कॅलिफोर्नियातले पक्षाध्यक्ष गेलॉर्ड पार्किन्सन यांनी ती काढली. ती किती पाळली गेली ते २०१२ मधे त्यांचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या प्रायमरीत दिसलं. मी त्याच वर्षाचं उदाहरण धरून पुढची उत्तरं देते, कारण निनावी पैसा, घाणेरड्या जाहिराती, कागदपत्रांवरून भांडण सगळं त्या एका जानेवारी महिन्यात घडलं.

झालं असं की २०११ च्या डिसेंबरात न्यूट गिंगरिच सर्व्हेमधे पुढे होते. हे पूर्वीचे लोकसभेचे, म्हणजे तिथल्या हाऊसचे, स्पीकर. त्यांनी सुरुवातीला जाहीर केलं होतं की मी कोणावर चिखल उडवणार नाही. मग आयोवा राज्यात त्यांच्याविरुद्ध जाहिरातींचा पाऊस पडला, जवळपास ४० लाख डॉलरच्या, आणि ३ जानेवारी २०१२ ला निकाल लागला तेव्हा गिंगरिच चौथे, १३ टक्क्यांवर. त्या दिवशी टीव्हीवर त्यांना विचारलं की तुम्ही तुमचे प्रतिस्पर्धी मिट रॉमनी यांना खोटारडा म्हणताय का, ते म्हणाले हो. एका महिन्यात सभ्य प्रचाराची प्रतिज्ञा संपली. विश्वास कोणावर ठेवायचा त्याचं उत्तर शेवटी देते, मधली गोष्ट सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

प्रश्न : नागपूरला पत्रकारिता शिकतोय. अमेरिकन जाहिरातीत उमेदवार स्वतः म्हणतो की या संदेशाला माझी मंजुरी आहे. मग तरीही लोक म्हणतात की जाहिरात कोणाची ते कळत नाही, हे कसं?

उत्तर : चांगला प्रश्न. २००२ च्या कायद्याने ते वाक्य सक्तीचं केलं, हेतू हाच की उमेदवाराला स्वतःच्या तोंडाने जबाबदारी घ्यायला लावली की तो घाणेरडं बोलताना दहादा विचार करेल. पण ही सक्ती उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीला. २०१० मधे सिटिझन्स युनायटेड खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्याच वर्षी खालच्या कोर्टाचा स्पीचनाऊ खटल्याचा निकाल आला आणि त्यातून सुपर पॅक नावाचे गट जन्माला आले. त्यांनी कितीही पैसे गोळा करावे, कितीही उडवावे, अट एकच, उमेदवाराशी संगनमत करायचं नाही.

आता कागदावर संगनमत नाही हे खरं. पण आयोवात गिंगरिच यांना झोडपणारा गट होता रिस्टोर अवर फ्युचर, आणि तो चालवणारी माणसं रॉमनींच्या २००८ च्या प्रचारात काम केलेली. उलट बाजूला विनिंग अवर फ्युचर, तिथे गिंगरिच यांचा जुना सहकारी. न्यू हॅम्पशायरच्या डिबेटमधे या जाहिरातींचा विषय निघाला तेव्हा रॉमनी आधी म्हणाले मी त्या बघितल्याच नाहीत, माझा त्यांच्यावर ताबा नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात एका जाहिरातीत काय काय होतं ते घडाघडा सांगायला लागले. तो व्हिडिओ मी परत परत बघितलाय. सगळी व्यवस्था त्या दोन वाक्यांत दिसते, उमेदवाराला फायदा पूर्ण मिळतो आणि जबाबदारी मात्र त्याच्या अंगाला लागत नाही.

आणि पैसे कोणाचे हा तर पुढचाच भाग. गटाने किती खर्च केला ते २४ ते ४८ तासांत जाहीर करावं लागतं, ते होत होतं. पण तो पैसा दिला कोणी त्याचा रिपोर्ट द्यायची तारीख होती ३१ जानेवारी. आयोवाने ३ तारखेला मत दिलं, न्यू हॅम्पशायरने १० ला, साउथ कॅरोलायनाने २१ ला, आणि फ्लोरिडाचं मतदान त्याच ३१ तारखेला. म्हणजे चार राज्यांतल्या लोकांनी मत टाकलं तेव्हा त्यांच्या घरातल्या टीव्हीवर महिनाभर बोलणारा माणूस कोण हे त्यांना माहीत नव्हतं. रिस्टोर अवर फ्युचरने २०११ च्या दुसऱ्या सहामाहीत सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर जमवले होते, ती नावं आली तेव्हा मतदान होऊन गेलेलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त राग याचा येतो, जाहिरातीतल्या शिव्यांपेक्षाही.

प्रश्न : मी पुण्यात सीए आहे. रॉमनींच्या टॅक्स रिटर्नवरून एवढा गदारोळ का झाला होता? तिथे रिटर्न दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे का?

उत्तर : नाही, बंधनकारक नाही, अध्यक्षपदाच्या उमेदवाराने रिटर्न दाखवायचे हा फक्त रिवाज. आणि गंमत अशी की हा रिवाज रुजवण्यात रॉमनींच्या वडिलांचा मोठा हात. जॉर्ज रॉमनी, मिशिगनचे गव्हर्नर, १९६८ च्या निवडणुकीसाठी उभे होते तेव्हा त्यांनी एक नाही दोन नाही १२ वर्षांचे रिटर्न खुले केले. त्यांचं म्हणणं असं की एका वर्षाचे दाखवले तर ते दाखवण्यापुरते केलेले असू शकतात.

आता मुलावर वेळ आली. साउथ कॅरोलायनाच्या मतदानाआधी चार दिवस रॉमनी पत्रकारांना म्हणाले की माझा टॅक्सचा दर १५ टक्क्यांच्या आसपास असावा, आणि भाषणांच्या मानधनातून काही फार मिळत नाही. ते फार नसलेलं मानधन वर्षाला ३ लाख ७४ हजार डॉलर होतं, तसं त्यांच्याच आर्थिक विवरणात लिहिलेलं. मग १९ जानेवारीला चार्ल्सटनची डिबेट. सूत्रसंचालक जॉन किंग यांनी विचारलं की तुमच्या वडिलांनी १२ वर्षांचे दाखवले, तुम्ही त्यांचं उदाहरण गिरवाल का? रॉमनी थांबले आणि म्हणाले, कदाचित. हॉलमधे त्यांच्याच पक्षाचे लोक बसलेले, त्यांनी हुर्यो केली. तो एक शब्द कुठल्याही जाहिरातीपेक्षा महाग पडला असं मला वाटतं, कारण तो प्रतिस्पर्ध्याने नाही तर त्यांनी स्वतः उच्चारला होता, आणि प्रश्न आकड्यांचा नव्हता, बापाने जे केलं ते तू करशील का असा होता. त्याच संध्याकाळी गिंगरिच यांनी आपलं २०१० चं रिटर्न टाकलं, ३१ लाख डॉलर उत्पन्न, त्यावर साधारण ३१ टक्के टॅक्स. दोन दिवसांनी गिंगरिच ४० टक्के, रॉमनी २८.

हरल्यावर २४ तारखेला रॉमनींनी रिटर्न दिले. २०१० चं उत्पन्न २ कोटी १६ लाख डॉलर, टॅक्स सुमारे ३० लाख, म्हणजे १३.९ टक्के. तुम्ही सीए आहात म्हणून सांगते, यात बेकायदा काही नव्हतं, बहुतेक कमाई गुंतवणुकीवरची आणि तेव्हा लाँग टर्म कॅपिटल गेनला कमाल दर १५ टक्के होता तर पगाराला ३५ टक्क्यांपर्यंत, शिवाय दानधर्म मोठा. स्विस बँकेत एक खातं होतं, ते २०१० मधे बंद केलेलं, आणि केमन या टॅक्स नसलेल्या बेटांवरच्या फंडात गुंतवणूक. हे सगळं डिसेंबरातच टेबलावर ठेवलं असतं तर चार दिवस बोललं गेलं असतं आणि संपलं असतं. दडवून ठेवलं म्हणून ते लोकांना मोठं वाटलं, आणि पुढे उन्हाळ्यात ओबामांच्या प्रचाराने तोच धागा पकडला, शेवटी २०११ चं पूर्ण रिटर्न सप्टेंबरात द्यावं लागलं.

प्रश्न : म्हणजे गिंगरिच बरोबर होते आणि रॉमनी चूक असंच ना? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : नाही सर, अजिबात नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, हे दोन्हीकडे होतं. गिंगरिच रॉमनींचे रिटर्न मागत होते त्याच वेळी रॉमनी त्यांच्याकडे फ्रेडी मॅकचे करार मागत होते. फ्रेडी मॅक म्हणजे घरकर्जाच्या बाजारातली ती अवाढव्य कंपनी, २००८ मधे सरकारने जी ताब्यात घेतली. तिच्याकडून गिंगरिच यांच्या फर्मला काही वर्षांत मिळून १६ लाख डॉलर मिळाले होते आणि डिबेटमधे विचारल्यावर ते म्हणाले होते की मी इतिहासकार म्हणून सल्ला दिला. शेवटी २३ जानेवारीला करार बाहेर आला तो फक्त एका वर्षाचा, २००६ चा, महिना २५ हजार डॉलर. म्हणजे दुसऱ्याकडे हिशोब मागायचा आणि स्वतःचा एका वर्षाचा द्यायचा.

जाहिरातींचंही तेच. कसिनोवाले उद्योगपती शेल्डन अॅडेलसन यांनी विनिंग अवर फ्युचरला ५० लाख डॉलर दिले, मग त्यांच्या पत्नीने आणखी ५० लाख. त्या गटाने रॉमनींच्या बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीवर २८ मिनिटांची एक फिल्म विकत घेतली, त्यातल्या क्लिप साउथ कॅरोलायनात दाखवल्या. नोकरी गेलेली माणसं कॅमेऱ्यासमोर रडतात, बघताना खरंच पोटात तुटतं. पण त्यात फ्लोरिडातल्या मरियाना गावचा वॉशिंग मशीनचा जो कारखाना दाखवलाय, तो बंद पडला बेनने कंपनी विकून टाकल्यानंतर. फॅक्ट चेक करणाऱ्यांनी फिल्मला झोडपलं, मग खुद्द गिंगरिच यांनी १३ जानेवारीला जाहीर सांगितलं की चुका दुरुस्त करा नाहीतर ती काढून टाका. माणसांचं दुःख खरं होतं हो, पण ते ज्याच्या दारात नेऊन टाकलं तो पत्ता चुकीचा होता, आणि मला हे त्या माणसांवरच अन्याय केल्यासारखं वाटतं.

मग फ्लोरिडात रॉमनींच्या प्रचाराने एक जाहिरात केली, ज्यात जवळजवळ सगळा वेळ १९९७ च्या जानेवारीतली एनबीसीची बातमी, टॉम ब्रोकॉ वाचतायत, की हाऊसने स्पीकर गिंगरिच यांना नियमभंगाबद्दल दोषी धरलं. ३९५ विरुद्ध २८ मतं आणि ३ लाख डॉलर भरायचा आदेश. शब्द न शब्द खरा. पण ज्या करमुक्त संस्थेवरून तो वाद होता तिला पुढे १९९९ मधे टॅक्स खात्याने नियमात बसणारी ठरवलं, ते जाहिरातीत नाही. एनबीसीने काढा म्हणून सांगितलं, ब्रोकॉ म्हणाले मला हे फार खटकतंय, जाहिरात चालूच राहिली. शेवटच्या आठवड्यात फ्लोरिडातल्या ९० टक्क्यांहून जास्त जाहिराती दुसऱ्याला खाली ओढणाऱ्या होत्या. रॉमनी ४६ टक्के घेऊन जिंकले.

तरी मी सगळ्या नकारात्मक जाहिराती वाईट असं म्हणणार नाही. रॉमनींचा टॅक्स दर, गिंगरिच यांचे फ्रेडी मॅकचे पैसे, दोन्ही मतदाराला माहीत असायलाच हवं होतं आणि दोन्हीचे कागद बाहेर आले त्यात प्रतिस्पर्ध्याच्या ओरडीचा मोठा हात होता. गोडगोड प्रचारात हे कधीच कळलं नसतं.

प्रश्न : आमच्या बेळगावचे श्री ठाणेदार तिकडे खासदार झाले, त्यांच्यावर पण अशा जाहिराती झाल्या का?

उत्तर : जुनं उकरून काढणं तर झालंच. २०१८ मधे ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले होते, स्वतःचे १ कोटी डॉलरच्या आसपास घातले, त्यामुळे टीव्हीवर सगळ्यात आधी तेच दिसायला लागले. मग त्यांच्याही मागच्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या एका प्रयोगशाळेत १०० हून जास्त बीगल कुत्रे अडकून पडले होते ही २०१० ची बातमी परत वर आली, त्यांचं उत्तर असं की लॅब बँकेने ताब्यात घेतली होती, ती माझ्या हातात राहिली नव्हती. ते आधी रिपब्लिकन म्हणून उभं राहायचा विचार करत होते असंही काही सल्लागारांनी सांगितलं, ते त्यांनी नाकारलं. त्याच वेळी त्याच प्रायमरीतल्या दुसऱ्या उमेदवार ग्रेचेन व्हिटमर यांच्या बाजूने एक वेगळा गट जाहिराती करत होता, त्याचे देणगीदार सुरुवातीला उघड नव्हते आणि त्यावरून प्रतिस्पर्धी त्यांना धारेवर धरत होते. म्हणजे २०१२ चीच गोष्ट, फक्त पक्ष वेगळा. व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार तिसरे. २०२२ मधे डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघात बाहेरच्या एका सुपर पॅकने त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी ४० लाख डॉलरपेक्षा जास्त ओतले तरी ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर प्रायमरी जिंकून गेले, उमेदवार बरेच होते म्हणून तेवढ्यावर भागलं. पैसा नेहमीच जिंकतो असं नाही.

प्रश्न : ताई, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे याहून बरं आहे की वाईट? (सातारा)

उत्तर : काही बाबतीत बरं आहे आणि ते आपल्याला माहीत नसतं याचं वाईट वाटतं. २००२ आणि २००३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे आपल्या लोकसभा विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांचं शपथपत्र द्यावंच लागतं, आता पाच वर्षांचं उत्पन्नही त्यात असतं. कदाचित म्हणायची सोयच नाही. प्रचारपत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव हवं हाही कायदा आहे, कलम १२७ अ. पण पक्षाला पैसे कोण देतं त्याचं बघा, निवडणूक रोखे २०१८ मधे आले, कोर्टाने रद्द केले १५ फेब्रुवारी २०२४ ला, नावं मार्चमधे बाहेर आली. तिकडे चार राज्यं अंधारात होती, आपण सहा वर्षं.

माझ्या माहेरच्या गावची ग्रामपंचायत निवडणूक, मी कॉलेजात होते. माझा चुलता पॅनेलमधे उभा. मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून एक पत्रक आत सरकलं, जांभळ्या शाईचं, सायक्लोस्टाइल केलेलं, की याने पतपेढीचे पैसे खाल्ले. खाली नाव नाही, प्रेस नाही, काही नाही. काकू रात्रभर ते हातात धरून बसली होती. सकाळी सात वाजता मतदान, उत्तर कोणाला देणार आणि कधी देणार? काका ११ मतांनी पडला. पुढे पतपेढीच्या ऑडिटमधे काही निघालं नाही, पण ते कोणी वाचतं? मला अजूनही वाटतं की त्या कागदावर नुसतं नाव असतं ना, तर काका रात्री दहा वाजता त्या माणसाच्या घरी गेला असता आणि गावाने दोघांचं ऐकलं असतं.

म्हणून एडिसनच्या ताईंना आता त्यांचं उत्तर. टीव्हीवर बघताना शेवटी उमेदवार स्वतः मंजुरी आहे म्हणतो की दुसराच कोणी बोलतो ते ऐका. फ्लायर आला की समोरचा मोठा फोटो सोडा, उलटा करा, खाली बारीक अक्षरात पैसे कोणी भरले त्याचं नाव असतं. अध्यक्षपद, सिनेट किंवा हाऊसची निवडणूक असेल तर ते नाव फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर टाका, २०० डॉलरच्या वर देणाऱ्यांची नावं, गाव, नोकरी धंदा सगळं मिळतं, गव्हर्नर किंवा राज्यातल्या निवडणुकीला न्यू जर्सीचं वेगळं इलेक्शन लॉ एन्फोर्समेंट कमिशन आहे तिथे बघा. नाव सापडलं आणि माणसं खरी दिसली की मग पत्रक वाचा, भले त्यात शिव्या असोत, त्यातला आरोप तपासता येतो. आणि गट दोन महिन्यांपूर्वी जन्मलेला असेल, देणगीदारांची यादी मतदानानंतर यायची असेल, तर तो फ्लायर बाजूला ठेवा आणि ज्याच्यावर आरोप केलाय त्याच्या ऑफिसला सरळ फोन करून विचारा, प्रायमरीच्या दिवसांत ते फोन उचलतात. यादी बाहेर आली की नावं मला पण कळवा, मी पुढच्या अंकात घेईन.